रेघेच्या आत गमबूट

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तोंडावर सर्वांत जास्त वेळा काय आलं असेल, तर म्हशीचं शेपूट. त्याखालोखाल साहेबांचे मेमो. शेपूट परवडलं. त्याला निदान सही करून पोच द्यावी लागत नाही.

मी गुरांची डॉक्टर. दिल्लीतल्या मराठी मंडळींत हे सांगितलं की ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येत. पुरुष म्हणत, "अच्छा, म्हणजे व्हेट! आमच्या टॉमीचा कान जरा बघाल का?" बायका जरा जवळ सरकून विचारत, "ओळखीत चीक मिळेल का हो?" खरवसासाठी व्याकूळ झालेली मराठी बाई परप्रांतात काय काय करू शकते, यावर मी वेगळा लेख लिहू शकेन. टॉमीचे कान मी पुष्कळ बघितले. माझं खरं काम मात्र नोएडाच्या गावांतल्या म्हशींपाशी होतं.

नवरा केंद्र सरकारात फाइलींचा डॉक्टर. त्याची बदली दिल्लीला झाली आणि आम्ही यमुनेपलीकडे नोएडात फ्लॅट घेतला, कारण तेव्हा तिथे राहायला कोणी तयार नव्हतं. मला एका दूध गोळा करणाऱ्या संस्थेत नोकरी लागली. नव्वदीचं दशक सुरू होतं. देश खुला होत होता, आणि आमच्या खिडकीतून तो खुला होताना स्पष्ट दिसायचा: आधी शेत, मग खड्डा, मग सेक्टरचा नंबर लिहिलेली पाटी. शेतं गेली, पण गावं गेली नाहीत. ती सेक्टरांच्या मधे तशीच अडकून राहिली. चरायला रान उरलं नाही म्हणून म्हशी रस्त्याच्या दुभाजकावरचं गवत खायच्या आणि हॉर्न वाजवणाऱ्या मारुतीकडे मान वळवूनही बघायच्या नाहीत. त्यांच्या आधी मारुती थोडीच आली होती तिथे!

या गावांना नवं गिऱ्हाईक मिळालं, ते म्हणजे आम्ही फ्लॅटवाले. दिल्लीकडच्या मध्यमवर्गाची एक श्रद्धा आहे. देवावर नसेल एक वेळ, पण 'सामने निकला हुआ दूध' यावर आहे. दूध आपल्या डोळ्यांदेखत काढलेलं हवं. म्हणून सकाळ-संध्याकाळ माणसं हातात डोलू, म्हणजे कडीचा स्टीलचा डबा, घेऊन गोठ्यात उभी राहतात आणि दूधवाल्याच्या हातांवर अशी नजर ठेवतात, की बँकेच्या रखवालदाराने शिकावं. बादली आधी उलटी करून दाखवायची, मग धार काढायची, असा रिवाज. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भटनागरसाहेब तर बादलीत हात फिरवून बघायचे. त्या हातानं आधी काय काय केलेलं असे, ते विचारायची सोय नव्हती.

आमच्या सेक्टरच्या भिंतीला एक भगदाड होतं. त्यातून वाकून पलीकडे गेलं की थेट ओमवतीचा गोठा. ओमवती विधवा होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. सरळ नाक, करडा आवाज, आणि हातात सदैव शेण नाहीतर बिडी. जमीन सेक्टरात गेली होती. उरला होता गोठा आणि पाच म्हशी. दिराचा डोळा गोठ्याच्या जागेवर. त्याला तिथे भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या. एकदा तिनं मला सरळ सांगितलं, "डागदरनी, जब तक भैंस बँधी है, जगह मेरी है. जिस दिन खूँटा खाली हुआ, देवर ईंटें उतरवा देगा." तिच्या आयुष्याचा सगळा हिशोब त्या पाच खुंट्यांवर होता. त्यातली गुलाबो नावाची म्हैस सगळ्यांत गुणी, आणि ती गाभण होती.

आता थोडं रोगाबद्दल, कारण त्याच्याशिवाय या गोष्टीत माझी काही भूमिकाच नाही. लाळ्या-खुरकूत. तिकडे म्हणतात मुँहपका-खुरपका. जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात आणि सडांवर फोड येतात. जनावर लाळेच्या तारा गाळतं, ओठांचा मचमच आवाज करतं, एकेक पाय झटकत उभं राहतं, आणि दूध आटतं. मोठं जनावर सहसा मरत नाही. लहान वासरं आणि रेडकं मात्र उभ्या उभ्या कोसळतात, कारण विषाणू थेट हृदयावर जातो. त्याला मारणारं औषध नाही. तोंड धुवा, खुरं धुवा, मऊ चारा घाला आणि वाट बघा. लस आहे, पण टोचल्यावर तिचा जोर यायला दोनेक आठवडे लागतात. त्यामुळे रोग गावात आल्यावर लस टोचायला निघणं म्हणजे वरात दारात आल्यावर बुंदी पाडायला घेणं. सरकारी-निमसरकारी खात्यांत बुंदी नेहमी तेव्हाच पाडतात.

आणि हा विषाणू फिरतो कसा? लाळेतून, दुधातून, श्वासातून, चाऱ्यातून. आणि माणसांच्या पायांना चिकटून. माणसाचं तो काही बिघडवत नाही. माणूस त्याला नुसती फुकट लिफ्ट देतो.

त्या हिवाळ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला, प्रधानाच्या म्हणजे तिकडच्या सरपंचाच्याच गोठ्यात, रोग निघाला. गावानं लगेच त्याच्या प्रसाराची चोख व्यवस्था केली. म्हणजे काय, तर सगळे म्हशीला बघायला गेले. आपल्याकडे आजाऱ्याला मोसंबी घेऊन भेटायला जातात, तसं तिथे म्हैस आजारी पडली की अख्खं गाव गोठ्यात येतं. तिची जीभ ओढून बघायची, एकेक मत द्यायचं, हुक्का प्यायचा, आणि मग आपल्या म्हशींना चारा घालायला घरी जायचं. प्रधानानं वेशीवर मंतरलेली दोरीही बांधली होती. तिच्याखालून गुरं काढली की रोग बाहेर राहतो म्हणे. विषाणू बहुधा वाकून आत आला असावा.

ओमवती एकटी बघायला गेली नाही. तिनं गोठ्याच्या दारात चुलीतल्या राखेचा हातभर रुंद पट्टा ओढला, त्यावर पाणी शिंपडलं, आणि आपल्या आतल्या चपला आत नि बाहेरच्या बाहेर ठेवल्या. रोग गावातून जाईपर्यंत रेघेच्या आत कोणी यायचं नाही. तिची सासू असंच करायची म्हणे. गाव हसलं. मीही हसले. म्हटलं, प्रधानाची दोरी आणि हिची रेघ, एकाच माळेचे मणी. वास्तविक धुण्याचा सोडा पाण्यात घालून त्यात बूट बुडवले की हा विषाणू मरतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. ओल्या राखेतही तसाच क्षार असतो, हे डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. आणि राखेचं जाऊ द्या, ती रेघ माणसांना अडवत होती, हेच तिचं मोठं काम होतं.

पण माणसं अडवली की गिऱ्हाईक जातं. गोठ्याला दारातच वळण होतं. रेघेबाहेरून म्हैस दिसायची नाही, फक्त बादलीत धार पडल्याचा आवाज यायचा. डोलूवाल्यांमध्ये खळबळ माजली. चार दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. भटनागरसाहेबांनी मला जिन्यात गाठलं.

"मैडम, लकीर के पीछे हमें क्या पता, दूध भैंस का है या नल का? आप तो डॉक्टर हैं. कुछ कीजिए."

मी म्हटलं, करते.

याच सुमाराला वरून आदेश आला, तीन दिवसांत पूर्ण गाव टोचून अहवाल द्या. नियम असा, की टोचणी निरोगी टोकाकडून सुरू करायची आणि आजारी गोठे शेवटी घ्यायचे. आमची रीत अशी, की प्रधानाच्या घरी चहा घेतल्याशिवाय गावात सुई बाहेर काढायची नाही. तेव्हा आम्ही सुरुवात कुठून केली, हे सांगायला नको.

त्या सकाळी घरून निघताना मी गमबूट चढवत होते. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "अगं, मोजे नवे घे ना, यार. अंगठा सगळ्या जगाकडे बघतोय."

"बुटात कोण बघतंय?" मी म्हटलं. हे वाक्य पुढे फार महागात पडलं.

सकाळभर मी आणि आमचे कंपाउंडर बिशनलाल प्रधानाच्या आळीत होतो. म्हशींच्या लाळेत माझे बूट घोट्यापर्यंत बरबटले होते. तिथून गोठे करत करत आम्ही ओमवतीकडे पोचलो. संध्याकाळच्या धारेची वेळ. रेघेबाहेर आठ-दहा डोलू तिष्ठत होते. भटनागरसाहेब पुढे. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

ओमवती दारात उभी राहिली. "टीका लगा दे, पर जूते खोल के आ."

आता खरं सांगते. रेघ मूर्खपणाची आहे असं मला वाटत होतं, हे कारण होतं. दहा लोकांसमोर एका अंगठाछाप बाईचं ऐकायचं नाही, हेही कारण होतं. पण या दोन्हींपेक्षा मोठं कारण म्हणजे माझ्या उजव्या पायाचा अंगठा. समोर सेक्टरातल्या तीन बायका उभ्या होत्या, त्यांतल्या दोघी मराठी मंडळातल्या. त्यांच्यापुढे गमबुटातून तो भोकवाला मोजा बाहेर काढायचा, या कल्पनेनंच मला घाम फुटला. सोड्याची पिशवी जीपमध्ये होती, दहा पावलांवर. तीही मी मागवली नाही, कारण मागवली असती तर रेघ बरोबर ठरली असती.

मी नळाखाली बुटांवर तांब्याभर पाणी ओतलं. निव्वळ दाखवायला.

"ओमवती, ये सब अंधविश्वास है," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "देखो, मैं अंदर जाती हूँ. कुछ नहीं होता."

आणि मी रेघेवरून आत गेले. ओल्या राखेत माझ्या बुटांचे ठसे उमटले. मागोमाग भटनागरसाहेब आले, मग सगळे डोलू. ओमवती बाजूला झाली. तिनं माझ्या बुटांकडे एकदा बघितलं. मी पाचही म्हशींना टोचलं, गुलाबोच्या पाठीवर थाप मारली. भटनागरसाहेबांनी बादलीत हात फिरवला. गिऱ्हाइकं परत आली. दोन्ही मराठी बायकांनी गुलाबोचा चीक बोलून ठेवला. घरी येताना मला आपण समाजसुधारणा केल्यासारखं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी ओमवती भगदाडातून आमच्या जिन्यापर्यंत आली. "चल," एवढंच म्हणाली. गोठ्यात शिरण्याआधीच मला आवाज ऐकू आला. मचमच, मचमच. दोन म्हशींच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. दोन दिवसांत पाचही बसल्या. तशातच गुलाबो व्याली. पारडी झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. माझी मुलगी दिल्लीत वाढलेली, तिला 'पारडी' हा शब्द येत नाही. ती तिला 'बेबी बफेलो' म्हणत भिंतीवरून हात हलवायची. तिसऱ्या दिवशी पारडी आईकडे जाता जाता पुढच्या पायांवर बसली ती उठलीच नाही. गुलाबोच्या सडांवर एवढे फोड होते की ती कुणाला जवळ येऊ देईना. चीक बोलून ठेवलेल्या बायकांना मी काय सांगितलं, ते आठवत नाही.

संस्थेचा एक छापील तक्ता होता. त्यात एक रकाना, 'बाधेचा संभाव्य स्रोत'. मी गोठ्यातच उभी राहून तो भरत होते. ओमवती गुलाबोची खुरं धूत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "क्या लिखा? कहाँ से आया?"

मी म्हटलं, "हवा से."

खोटंही नव्हतं म्हणायला. हा विषाणू हवेतून जातो, पुस्तकात आहे. त्या पुस्तकाच्या पदराआड मी उभी राहिले. तिनं थोडा वेळ खूर हातात तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "हवा का कोई क्या करे." आणि पुन्हा धुवायला लागली.

दूध आटल्यावर गिऱ्हाइकं पिशवीच्या दुधाकडे वळली. दीर टेप घेऊन आला आणि तिच्यादेखत गोठा मोजून गेला. ती हलली नाही. महिने गेले, म्हशी उठल्या, दूध आलं, पूर्वीइतकं नाही, पण खुंटे भरलेले राहिले. मी तिला औषधं फुकट दिली, पेंड मिळवून दिली, दर आठवड्याला चक्कर मारली. ती माझ्या नवऱ्याला म्हणे, "तेरी बहू बड़ी भली है." तिकडे बायकोलाही बहूच म्हणतात. हे ऐकलं की मला जेवण जायचं नाही. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "सांगून टाक ना." मी म्हटलं, "बघू." फाइलींच्या माणसाशी संसार केल्याचा परिणाम.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या गावात पुन्हा रोग निघाला. या वेळी आम्ही महिनाभर आधीच टोचून ठेवलं होतं, एवढी सुधारणा झाली होती. पण लस म्हणजे चिलखत नव्हे. शिवाय दुसरी एक म्हैस गाभण होती. मी ओमवतीकडे गेले. गोठ्याचं दार सताड उघडं, आत डोलूवाले, शेजारच्या गावचा एक पाहुणा गव्हाणीवर बसून बिडी ओढतोय. दारात राख नाही.

"लकीर कहाँ है?" मी विचारलं.

"काहे की लकीर? तैने ही तो बताया था, हवा से आवे है. हवा लकीर देख के रुकेगी?"

एका खोट्या शब्दानं मी स्वतःला वाचवलं, एवढंच मला वाटत होतं. त्याच शब्दानं मी तिची रेघ पुसली होती. सासूकडून आलेली, बरोबर असलेली, गाव हसलं तरी न पुसलेली रेघ माझ्या एका शब्दानं गेली. मी डोलूवाल्यांना बाहेर काढलं, पाहुण्याला तर अक्षरशः हाताला धरून. मग तिच्यासमोर येऊन म्हटलं, "हवा नहीं थी, ओमवती. मेरे जूते थे. प्रधान के यहाँ से वही पहन के आई थी. तेरी बात मान लेती, तो तेरी पारडी..."

पारडी हा शब्द तिला कळला नसेल. बाकी कळलं.

तिनं बिडी विझवली. ती ओरडेल, शेणाचा गोळा मारेल, संस्थेत तक्रार करेल, सगळ्याची मी तयारी केली होती.

"जूते तो मैंने उसी दिन देखे थे," ती म्हणाली. "लार लगी थी. पर तू पढ़ी-लिखी थी. तैने कहा हवा, तो मैंने सोचा मेरी ही आँख झूठी होगी."

मग तिनं विचारलं, "पर खोले क्यों नहीं? दो मिनट का काम था."

मी सांगितलं. मोज्याला भोक होतं म्हणून.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. असं हसली की म्हशींनी माना वळवल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पदरानं पुसलं तरी येतच राहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती आता हसत नव्हती.

त्याच दुपारी तिनं रेघ ओढली, या वेळी दोन हात रुंद. शेजारी घमेल्यात मी सोड्याचं पाणी ठेवलं. भटनागरसाहेब भांडायला आले, तेव्हा त्यांना मी रेघेबाहेर उभं राहून सांगितलं की आवाजावर भागवा, आणि दुधात पाणी वाटत असेल तर माझ्याकडे तपासायला आणा. त्या वर्षी गावात सात-आठ गोठे बसले. ओमवतीचा नाही बसला. लस होती, आदल्या वर्षीच्या बाधेनं आलेली प्रतिकारशक्ती होती, रेघही होती. श्रेय कोणाचं, ते विज्ञानाला सांगता येणार नाही. ओमवतीनं ते रेघेला दिलं आणि मी वाद घातला नाही. तक्त्यातला तो जुना रकाना मात्र मी कधी दुरुस्त केला नाही. इथे करते आहे. हवा नव्हे, मी.

त्यानंतर तिनं मला गोठ्यात नेहमी अनवाणीच घेतलं. चहा रेघेबाहेर. थंडीत ओल्या शेणात अनवाणी उभं राहून सुई मारताना मी तिला मनातल्या मनात शिव्या घालायची, आणि मोजे मात्र धड असलेले घालायची, कारण ती आधी तेच बघायची.

पुढे मेट्रो आली, काचेच्या इमारती आल्या, गुडघे गेले. आधी तिचे, मग माझे. शेवटची म्हैस तिनं स्वतः हरयाणात पोचती केली आणि मगच जागा दिली. दिराला नव्हे, बिल्डरला. त्या बदल्यात सहाव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मागच्या महिन्यात भेटायला गेले. लिफ्टमधून बाहेर पडले, तर दार उघडंच होतं. आत टीव्ही चालू, कोपऱ्यात फ्रिज, फ्रिजमध्ये पिशवीचं दूध. मी सवयीनं दाराबाहेर वाकून चपलेचा पट्टा सोडायला लागले.

आतून करडा आवाज आला, "पहने-पहने आ जा, डागदरनी. अब भीतर कौन सी भैंस बँधी है?"

मी तरीही चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले.